उण्ह : ऊन पाण्याच्या समनाम गावांची साक्ष

राजे गेले, राजवंश बुडाले, ताम्रपट वितळवले गेले, लेण्यांतील मूर्तींवर शेंदूर चढला. परंतु गावांची नावे मात्र सामान्य माणसाच्या जिभेवर टिकून राहिली. म्हणून लिखित साधनांची उणीव असलेल्या समाजाने आपला इतिहास शोधताना स्थळनावांकडे वळावे, हे स्वाभाविक आहे. गेल्या काही दशकांत आपल्या अनेक कार्यकर्त्यांनी आणि अभ्यासकांनी गावोगावच्या नावांत बौद्ध संस्कृतीच्या खुणा शोधल्या. या प्रयत्नाचे मोल आम्ही जाणतो. तथापि, नाव जुळले की निष्कर्ष काढून मोकळे व्हावे, अशी एक घाईही त्यातून निर्माण झाली आहे. नाव कोणती साक्ष देते आणि कोणती देत नाही, हे तपासण्यासाठी आम्ही प्रस्तुत लेखात एक छोटा विषय घेतला आहे : ऊन पाण्याचे झरे असलेली आणि एकच नाव किंवा एकाच मुळाचे नाव धारण करणारी गावे.

एक नाव, अनेक गावे

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील उन्हवरे हे गाव तेथील ऊन पाण्यासाठी प्रसिद्ध आहे. भूगर्भशास्त्रज्ञांच्या याद्या पाहिल्या तर उन्हवरे हे नाव एकदा नव्हे, दोनदा आढळते. घोटाळा टाळण्यासाठी एका नावापुढे खेड आणि दुसऱ्यापुढे ताम्हाणे असे लिहावे लागते. त्याच जिल्ह्यात दक्षिणेस राजापूरजवळ उन्हाळे आहे. तेथे ऊन पाण्याचा झरा आहे आणि अनियमित काळाने प्रकट होणारी प्रसिद्ध ‘राजापूरची गंगा’ही त्याच गावात आहे. रायगड जिल्ह्यात सुधागड तालुक्यात पाली गावाजवळ उन्हेरे आहे. सह्याद्री ओलांडून खानदेशात गेल्यास जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेव आहे. नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यातही त्याच नावाचे दुसरे स्थळ आहे. मराठवाड्यात किनवट तालुक्यात पैनगंगेच्या परिसरात उनकेश्वर आहे. गुजरातमध्ये नवसारी जिल्ह्याच्या वांसदा तालुक्यात उनाई आहे. ही स्थळे दूरदूर विखुरलेली आहेत. त्यांचे राज्यकर्ते वेगळे, बोली वेगळ्या, दैवतेही वेगळी. समान आहेत त्या दोनच गोष्टी : जमिनीतून येणारे ऊन पाणी आणि नावाच्या आरंभी असलेला ‘उन’.

असे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. युरोपात बाडेन या नावाची गावे स्वित्झर्लंडमध्ये आहेत, व्हिएन्नाजवळ आहेत आणि जर्मनीतही आहेत. जर्मन भाषेत या शब्दाचा अर्थ स्नान किंवा स्नानस्थाने एवढाच आहे. नावांची गर्दी इतकी झाली की जर्मनीतील गावाला स्वतःचे नाव दोनदा घ्यावे लागले आणि १९३१ पासून ते अधिकृतपणे बाडेन-बाडेन झाले. म्हणजे ऊन पाण्याजवळ वसलेल्या माणसाने जगात बहुतेक ठिकाणी एकच गोष्ट केली : जे दिसले, अंगाला जाणवले, तेच नाव ठेवले. कोकणातील शेतकऱ्याने आणि ऱ्हाईन खोऱ्यातील रहिवाशाने एकमेकांना कधी पाहिले नव्हते. परंतु दोघांनी पाण्यात हात घातला होता.

शब्दाची वाट

‘उन’ हे या नावांचे बीज संस्कृत ‘उष्ण’ शब्दाशी जोडले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. लोकांच्या तोंडी ‘उष्ण’ हा शब्द कधी रुळला नव्हता. पालीत आणि प्राकृतात त्याचे रूप ‘उण्ह’ असे आहे. याच ‘उण्ह’पासून मराठीचे ऊन, उन्ह आणि उन्हाळा हे शब्द आले. उन्हाळा म्हणजे उण्हकाल. आजही आपली आजी ‘ऊन ऊन भात’ वाढते, ‘उष्ण भात’ वाढत नाही. गोव्याकडे गरम पाण्याला ‘हून उदक’ म्हणतात आणि गुजरातीत गरम वस्तूला ‘ऊनुं’ म्हणतात.

संस्कृत ‘ष्ण’चा लोकभाषेत ‘ण्ह’ होतो, याचा पुरावा आपल्या दगडांवरच कोरलेला आहे. नाशिकच्या १९ क्रमांकाच्या लेण्यात सातवाहन कुळातील ज्या राजाचा उल्लेख आहे, त्याचे नाव लेखात ‘कृष्ण’ नसून ‘कण्ह’ असे आहे. ते लेणे त्याच्या काळात एका महामात्र श्रमणाने करविले. मुंबईजवळील कान्हेरीचे नाव तेथील लेखांत ‘कण्हसेल’ असे येते. काळ्या दगडाचा डोंगर म्हणून कण्हसेल, कण्हगिरी आणि त्यातून कान्हेरी. ज्या ध्वनिनियमाने कृष्णाचा कण्ह झाला, त्याच नियमाने उष्णाचा उण्ह झाला. कान्हेरी आणि उन्हेरे ही नावे एकाच भाषिक घरात वाढलेली आहेत.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ‘उण्ह’ हा शब्द पाली साहित्यात आहे, म्हणून उन्हवरे किंवा उन्हेरे हे बौद्ध गाव होते, असे सिद्ध होत नाही. प्राकृत ही साऱ्या लोकांची भाषा होती. तथागतांनी आपला उपदेश लोकांच्या भाषेत केला, म्हणून लोकांचा शब्द त्रिपिटकात आला. त्रिपिटकातून तो लोकांकडे गेला असे नव्हे. नाव सिद्ध करते ते एवढेच की झऱ्यांचे नामकरण यज्ञमंडपात झाले नाही. ते पाणी भरणाऱ्यांनी, गुरे राखणाऱ्यांनी, अंगदुखी घेऊन येणाऱ्यांनी केले. आमच्या मते ही साक्ष लहान नाही.

कथा मागाहून आली

या स्थळांच्या आजच्या कथा ऐकल्या तर एक मोठी मौज दिसते. उनाई येथे सांगतात की शरभंग ऋषींचा त्वचारोग बरा व्हावा म्हणून रामाने बाण मारून ऊन पाणी काढले. उनकेश्वर येथेही शरभंग ऋषी आणि रामाचा बाण आहे. चोपडा तालुक्यातील उनपदेव येथेही तेच ऋषी व तोच बाण आहे. नवसारी, जळगाव आणि नांदेड या तीन जिल्ह्यांत एकाच ऋषीचा एकच आश्रम असू शकत नाही. जेथे जेथे ‘उन’ नावाचे पाणी होते, तेथे तेथे ही कथा नेऊन बसविली गेली, हाच त्याचा सरळ अर्थ. उनाईला तर ‘हूं नाई’, म्हणजे मी न्हाले, अशी सीतेच्या तोंडची व्युत्पत्तीही सांगितली जाते. शब्दाचा मूळ अर्थ विसरला की कथा त्याची जागा घेते.

नावाची रचनाही हेच सांगते. उनप-देव, उनक-ईश्वर यांत देव आणि ईश्वर नावाच्या शेवटी जोडलेले आहेत; आरंभी आहे ते पाण्याचे ऊनपण. आधी झरा, मग नाव, मग दैवत आणि शेवटी कथा, असा हा क्रम आहे. भक्तांच्या श्रद्धेचा उपहास करण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. इतिहास थरांचा असतो आणि प्रत्येक थराला त्याचे वय विचारले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आणि पाणी ऊन का? कोकणातील झरे कोणत्याही जागृत ज्वालामुखीचे नाहीत. पावसाचे पाणी खडकांच्या खोल भेगांतून खाली झिरपते. पृथ्वीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतशी उष्णता वाढते. तेथे तापलेले पाणी भेगांच्या वाटेने पुन्हा वर येते आणि येताना खडकातील क्षार घेऊन येते. पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्ट्यात अशी सुमारे १८ स्थाने सांगितली जातात. उन्हवऱ्याचे पाणी त्यांत सर्वांत ऊन पाण्यांपैकी असून त्याचे तापमान सुमारे ७० अंश सेल्सिअस भरते. कारणाशिवाय कार्य नाही, ही तथागतांची शिकवण या कुंडांच्या काठावर उभे राहून सहज समजावी अशी आहे.

तपोदा : राजा थांबला तो घाट

‘उण्ह’ हा शब्द विनयपिटकात एका विशेष ठिकाणी येतो आणि योगायोगाने ती कथाही ऊन पाण्याच्या झऱ्याचीच आहे. राजगृहाला, म्हणजे आजच्या बिहारमधील राजगीरला, वैभार पर्वताच्या पायथ्याशी ऊन पाण्याचे झरे आहेत. पाली ग्रंथांत त्यांचे नाव तपोदा. अर्थ पुन्हा तोच, तापलेले पाणी. जवळच तपोदाराम हे भिक्खूंचे निवासस्थान होते. समिद्धी नावाचा भिक्खू पहाटे तपोदेवर स्नानास गेल्याचा प्रसंग आणि त्यानंतर महाकच्चायनांनी केलेले धम्माचे विवरण मज्झिम निकायात आहे.

विनयातील प्रसंग असा. मगधाचा राजा बिंबिसार डोके धुण्यासाठी तपोदेवर गेला. तेथे भिक्खू स्नान करीत होते. त्यांचे आटोपेपर्यंत थांबावे, असे ठरवून राजा एका बाजूस थांबला. भिक्खू अंधार पडेपर्यंत स्नान करीत राहिले. राजाचे स्नान अवेळी झाले. तो परतला तेव्हा नगराचे दरवाजे बंद झाले होते. त्याला रात्र नगराबाहेर काढावी लागली. सकाळी तो भगवंतांच्या दर्शनास आला आणि घडलेला प्रकार त्यांना समजला. भगवंतांनी भिक्खूंना दोष दिला आणि पंधरवड्याच्या आत पुन्हा स्नान करू नये, असा नियम केला. पुढे अनुभवानुसार त्याला अपवाद जोडले गेले : उन्हाळ्याचा काळ, अंगाचा दाह, आजारपण, कष्टाचे काम, प्रवास आणि वारा-पाऊस. यांतील पहिल्या अपवादाचे पाली नाव ‘उण्हसमय’ असे आहे.

या कथेत आम्हांला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, सार्वभौम राजा सार्वजनिक पाण्याच्या काठावर थांबतो. ज्या संघापुढे तो थांबतो, त्या संघात न्हावी उपाली होता, राजगृहात झाडलोट करणारा सुनीतही होता. त्या दिवशी कुंडात कोण कोण होते ते कथा सांगत नाही. राजानेही ते विचारले नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. भगवंतांनी भिक्खूंची बाजू घेतली नाही. ज्याच्या हाती आज पाणी आहे, त्याने ते अडवून बसू नये, मग तो भिक्खू का असेना, हा या नियमाचा आशय आहे. समता म्हणजे जुन्या मालकाच्या जागी नवा मालक नव्हे, हे तपोदेच्या काठावर सांगितले गेले.

पुढे या झऱ्यांचेही नाव बदलले. सातव्या शतकात ह्युएन त्संग आला तेव्हा त्याने पूर्वी येथे पाचशे झरे होते असे ऐकल्याचे आणि रोगी लोक येथे स्नानास येत असल्याचे नमूद केले. आज मुख्य कुंडाला ब्रह्मकुंड म्हणतात. गया जिल्ह्यात जेठियनच्या परिसरात, जेथे बिंबिसार-बुद्ध भेटीचे लट्ठिवन होते असे मानले जाते, तपोवन नावाचे ऊन पाण्याचे स्थळ आहे. तेथील चार कुंडांना ब्रह्मदेवाच्या चार मानसपुत्रांची नावे आहेत. हिमालयात जोशीमठच्या पुढेही तपोवन आहे आणि तेथेही ऊन पाणी आहे. लोक या नावात तपश्चर्या पाहतात. ऊन पाण्याच्या काठी ‘तप’ या शब्दाचा पहिला अर्थ ताप हा आहे, याचा विसर पडला आहे.

दक्षिणापथाची सवलत

पंधरवड्यातून एकदाच स्नान हा नियम आपल्या प्रदेशाला मात्र लागू राहिला नाही, आणि त्याचे कारणही विनयातच आहे. अवंती देशातील सोण कुटिकण्ण हा तरुण भिक्खू आपले उपाध्याय महाकच्चायन यांचा निरोप घेऊन भगवंतांकडे गेला. अवंती-दक्षिणापथात भिक्खू थोडे आहेत, जमीन खडबडीत आहे आणि तेथील लोक स्नानाला फार महत्त्व देतात, असे त्याने सांगितले. भगवंतांनी सीमाप्रदेशांसाठी पाच सवलती दिल्या. त्यांत वारंवार स्नान करण्याची सवलत होती. दक्षिणापथ म्हणजे विंध्याच्या दक्षिणेचा, आपला प्रदेश. येथील माणसाची पाण्याची आवड अशा रीतीने अडीच हजार वर्षांपूर्वीच्या परंपरेत नोंदली गेली आहे.

परंतु स्नानाची आवड मान्य करणे वेगळे आणि स्नानाने पाप धुतले जाते असे मानणे वेगळे. तथागतांनी पहिली गोष्ट मान्य केली, दुसरी कधीच केली नाही. थेरीगाथेतील पुण्णिका ही पाणी भरणारी दासी होती. थंडीत कुडकुडत नदीत बुडी मारणाऱ्या ब्राह्मणाला तिने निरुत्तर केले : पाण्याने शुद्धी होत असती, तर मासे आणि कासवे आधीच स्वर्गाला पोचली असती, असा तिचा युक्तिवाद होता. मालकिणीच्या धाकाने रोज पाण्यात उतरणाऱ्या स्त्रीला पाण्याचा खरा गुण ठाऊक होता. पाणी अंग स्वच्छ करते, तहान भागवते, दुखरे सांधे शेकते. माणसाची प्रत ठरवीत नाही.

लेणी आणि झरे : किती म्हणावे?

आता पुन्हा कोकणात येऊ. उन्हेरे ज्या सुधागड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात ठाणाळे आणि खडसांबळे येथे बौद्ध लेणी आहेत. हेन्री कझेन्स यांनी त्यांचा वृत्तांत १८९१ साली प्रसिद्ध केला. उन्हवरे ज्या दापोली तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात पन्हाळेकाजी येथे २९ लेण्यांचा समूह आहे, म. न. देशपांडे यांच्या संशोधनामुळे तेथील आरंभीचा बौद्ध थर, पुढचा अक्षोभ्य बुद्धाच्या उपासनेचा वज्रयानी थर आणि त्यानंतरचा नाथपंथी थर उलगडला. महाडजवळ गांधारपाले येथे लेणी आहेत आणि सावित्रीच्या काठी सव येथे ऊन पाण्याचे झरे आहेत.

यावरून काय म्हणावे? घाटावरून बंदरांकडे उतरणाऱ्या वाटांवर लेणी खोदली गेली आणि कोकणाच्या याच अरुंद पट्ट्यात ऊन पाण्याचे झरे आहेत. त्या वाटांनी ये-जा करणाऱ्या भिक्खूंना व व्यापाऱ्यांना हे झरे ठाऊक असावेत, हे अनुमान रास्त आहे. पण ‘हे झरे बौद्धांचे होते’ असे विधान करण्यास झऱ्याच्या काठी लेख हवा, विटा हव्यात, शिल्प हवे. तोवर ते अनुमानच राहील.

उन्हेऱ्याशेजारचे गाव पाली, म्हणून तेथे पाली भाषेचे केंद्र होते, असे कोणी सांगितले तर आपण ते मान्य करू नये. पाली नावाची गावे कोकणात आणि इतरत्र अनेक आहेत. भाषेच्या नावाशी त्यांचा संबंध केवळ उच्चाराचा आहे. तानसा नदीकाठच्या ऊन कुंडांजवळ वज्रेश्वरीचे देऊळ आहे; ते वसईच्या विजयानंतर, १७३९ साली, चिमाजी अप्पांनी बांधविले. त्या नावात ‘वज्र’ आहे एवढ्यावरून तेथे वज्रयान होते असे म्हणणे उतावळेपणाचे होईल, मग जवळच्या सोपाऱ्याचा स्तूप कितीही खरा असो. सोपाऱ्याचा स्तूप आपण मानतो तो नावावरून नव्हे; १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला आणि त्याच्या पोटातून धातुकरंडक निघाला, म्हणून मानतो. दुसऱ्यांनी प्रत्येक ‘उन’ला रामाचा बाण जोडला, म्हणून आपण प्रत्येक ‘उन’ला बुद्धाचे चरण जोडावेत काय? कालाम सुत्ताचे वारसदार असे करू शकत नाहीत.

नाव आडनावात, पाणी कोणाच्या ओंजळीत?

स्थळनावांचा प्रश्न आपल्यासाठी केवळ भाषाशास्त्राचा नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. त्या गावावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर हे नाव झाले. त्यांच्या बालपणीचा काही काळ शेजारच्या दापोलीत गेला. कोकणातील आपल्या असंख्य कुटुंबांनी गावाचे नाव असेच आडनाव म्हणून वागविले. गावाचे नाव आडनावात चालले. गावाचे पाणी मात्र ओंजळीत चालले नाही. वेशीबाहेर ठेवलेल्या माणसानेही ते नाव सोडले नाही, कारण ते नाव ठेवण्यात त्याच्या पूर्वजांचाही वाटा होता.

मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचे तत्त्व मान्य झाले. महाडच्या नगरपालिकेनेही त्यानुसार ठराव केला. तरीही चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ उजाडावा लागला. त्या दिवशी बाबासाहेब व त्यांचे सहकारी ते पाणी प्याले आणि सनातन्यांनी मागाहून त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते आणि मंत्राने ते शुद्ध होते, ही समजूत पुण्णिकेने कधीच निकालात काढली होती. तिचे उत्तर महाडला पुन्हा एकदा द्यावे लागले. न्यायालयातील लढा चालू राहिला आणि १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निर्णय आपल्या बाजूने लागला.

गांधारपाल्याची लेणी, सवचे ऊन पाणी आणि चवदार तळे ही तीन स्थळे महाडच्या एकाच परिसरात आहेत. पहिले आपल्याला प्राचीन संघाची आठवण देते, दुसरे निसर्गाच्या नियमाची आणि तिसरे मानवी हक्काची. राजगृहात जेथे राजा थांबला होता, त्याच देशात पुढे शतकानुशतके माणसांना तळ्याच्या काठावरही उभे राहू दिले गेले नाही. तपोदेपासून चवदार तळ्यापर्यंतचे हे अंतर मोजणे, हा आपल्या इतिहासलेखनाचा एक विषय व्हावयास हवा.

म्हणून उपासक-उपासिकांना आणि विशेषतः तरुण अभ्यासकांना आमची विनंती आहे की आपापल्या तालुक्यातील झऱ्यांची, तळ्यांची, टाक्यांची नावे वयोवृद्धांकडून विचारून लिहून घ्यावीत. नाव कसे उच्चारतात, त्याच नावाचे दुसरे गाव कोठे आहे, जवळ लेणे किंवा जुनी वाट आहे काय, आणि ते पाणी कोणाला कधीपासून खुले झाले, या चार गोष्टी नोंदवाव्यात. चौथी गोष्ट कोणत्याही सरकारी यादीत सापडणार नाही. ती आपल्याच आज्या-आजोबांच्या आठवणीत आहे आणि ती आठवण दरवर्षी विरळ होत चालली आहे. उन्हवरे, उन्हेरे, उन्हाळे ही नावे ज्यांनी ठेवली त्यांची नावे आपल्यापर्यंत पोचली नाहीत. त्या पाण्यापासून ज्यांना दूर ठेवले गेले, त्यांची नावे तरी आता हरवता कामा नयेत.